भीमेच्या पात्रातला सागरी कायदा

आमच्या सरांना समुद्र आवडत नसे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाचाही गैरसमज व्हायचा. तरुणपणी एकदा ते अलिबागला गेले होते, किनाऱ्यावर अर्धा तास उभे राहिले आणि मिळेल त्या एसटीने परत फिरले. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "उगाच हलतंय. नजर कुठं ठरत न्हाई." पण त्याच हलणाऱ्या पाण्यावरून कोण कोणाशी भांडतंय, कुठल्या खडकावर कुणी झेंडा रोवला, कुठल्या खाडीतून कुणाचे मच्छीमार धरून नेले, हे सगळं त्यांना सख्ख्या भावकीतल्या भांडणासारखं तोंडपाठ होतं.

मी नगर शहरातली. नव्वदच्या दशकात शिरूर तालुक्याच्या पार टोकाला, वडगाव रासाईच्या पुढे भीमेच्या काठावरच्या एका गावात गणित आणि विज्ञान शिकवायला गेले. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. सर त्याच शाळेत भूगोल शिकवत आणि त्यांच्याच घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. म्हणजे दिवसभर शाळेत आणि संध्याकाळी ओट्यावर, दोन्हीकडे तेच. सुटका नव्हती. गावात त्यांना सगळे दर्यासर म्हणत. एका पालकाने तर शाळेच्या अर्जावर तेच त्यांचं आडनाव म्हणून लिहिलं होतं आणि सरांनी ते खोडलं नव्हतं.

त्यांच्याकडे एक जुना रेडिओ होता. त्याची तार त्यांनी अंगणातल्या शेवग्याच्या शेंड्याला बांधली होती आणि संध्याकाळी ते कुठल्या कुठल्या देशांच्या बातम्या लावत. इंग्रजी त्यांना निम्मं कळे, उरलेलं ते नकाशावरून जुळवत. त्या तासाभरात शेवग्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. शेवगा हलला की फिलिपिन्स जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आमटी चुलीवर ठेवून दारात यायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "शेंगा काढू का, का अजून लढाई चालू हाय?"

वर्गात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी एकदा मागच्या बाकावर बसून त्यांचा तास ऐकला. फळ्यावर समुद्र काढला, त्यात चार ठिपके काढले. एक मोठा देश त्या ठिपक्यांवर बोटींनी वाळू आणून ओततो आणि ठिपका मोठा करतो, मग म्हणतो, बघा, ही माझी जमीन, भोवतीचं पाणीही माझं. हे सांगून ते थांबले आणि म्हणाले, "बांध कोरणारा गडी एका दिवसात कोरत न्हाई. दर नांगरटीला नांगराचं एक तास फुडं सरकतो. तिथं नांगर न्हाई, बोटी हायेत, एवढंच." शेतकऱ्यांची पोरं ती. बांध कोरणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं, निम्म्यांच्या घरी त्यावरून कोर्टकचेरी चालू होती. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याच वर्गाला विचारलं, की सागरी सीमावाद म्हणजे काय. एक मुलगी उठून म्हणाली, "साहेब, भावकी." साहेबांनी वहीत काय लिहिलं ते कळलं नाही, पण ते दुपारी जेवायला थांबले.

शेजारच्या देशांनी अशा वेळी काय करावं, हा त्यांचा सर्वांत लाडका विषय. आमचे मुख्याध्यापक सावध गृहस्थ होते. त्यांचं मत, लहानाने गप बसावं, मोठ्याच्या नादी लागू नये. सरांना ते अजिबात पटत नसे. त्यांचं म्हणणं असं, की ज्याचा बांध कोरला जातोय त्याने रोज आपल्या रानात जाऊन उभं राहावं. भांडू नये, पण दिसावं. जाळी घेऊन रोजच्या जागी रोजची मासेमारी करत राहावी. चावडीत एकेकट्याने जाऊ नये, आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून जावं, कारण एकेकट्याला चहा पाजून परत पाठवता येतं. आणि ज्यांचा त्यात काही संबंध नाही अशा शेजाऱ्यांनी काठावर बसून टाळ्या पिटू नयेत, काठ्याही पुरवू नयेत. रेघ सरकारांनी खुशाल मारावी, पण मासळीला सातबारा नसतो, ती ज्याची त्याला धरू द्यावी. हे बोलताना त्यांचा चहा नेहमी गार व्हायचा आणि गार झाला म्हणून ते शिपायावर चिडायचे.

ते दिल्लीतल्या वकिलातींना पत्रं लिहीत. मजकूर मराठीत त्यांचा, इंग्रजी माझं. मी कितीदा तरी म्हटलं की तुमच्या पत्राने कुणी आरमार मागे घेणार नाही. तर म्हणत, घरातलं भांडण असलं की गावातल्या एकाने तरी बोलावं लागतं, नाहीतर भांडणाऱ्यांना वाटतं की सगळ्यांना पटलंय. एका वकिलातीने खरोखर उत्तर पाठवलं. पत्र नव्हतं, कॅलेंडर होतं, गुळगुळीत कागदाचं, दर महिन्याला निळंशार पाणी. वहिनींनी ते देवघराच्या शेजारी टांगलं. आठवड्याने सरांच्या लक्षात आलं की शेवटच्या पानावरच्या नकाशात वादातली बेटं त्या देशाने खुशाल आपल्या रंगात रंगवली आहेत. त्यांनी बॉलपेनने त्यांच्याभोवती तुटक रेघ मारली, बाजूला "वादग्रस्त" लिहिलं आणि आभाराचं पत्र जोडून कॅलेंडर दिल्लीला परत केलं. पुढच्या वर्षी काही आलं नाही. वहिनी त्या बेटांचा विषय निघाला की अजून उठून आत जातात.

सर जगात एकाच माणसाला घाबरत, ती म्हणजे त्यांची आक्का. सख्खी थोरली बहीण, दिलेली नदीपलीकडे दौंड तालुक्यात, समोरच्याच गावात. आई लवकर गेलेली, लहानपणी सरांना वाढवलं तिनंच. सडकेने जायचं तर पुलाला मोठा वळसा, म्हणून लोक सरळ काहिलीतून नदी ओलांडत. काहील म्हणजे गुळाच्या गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. जुनी झाली की ती पाण्यात सोडायची आणि बांबूने ढकलत न्यायची. ती सरळ जात नाही, स्वतःभोवती फिरत फिरत जाते. मी पहिल्यांदा बसले तेव्हा पलीकडे उतरल्यावर दौंड कुठल्या बाजूला ते विचारावं लागलं. आक्का मात्र दर आठवड्याला मांडीवर पाटी घेऊन मधोमध बसायची आणि बांबूवाल्याला झापत यायची. पाटीत कधी गवार, कधी हुलग्याचं पीठ, एकदा जिवंत कोंबडी.

मी तिथे असतानाच वहिनींना दिवस गेले. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, सगळ्यांनी आशा सोडली होती. सरांनी लगेच नावांची यादी केली, सगळी समुद्राची नाहीतर पाण्याची. नाव ठेवायचा मान आत्याचा, तेव्हा यादी आक्कापुढे गेली. तिने ती वाचून घेतली आणि म्हणाली, "पाण्याची नावं ठेवशील तर पोराला बारा महिने पडसं राहील." यादी तिथेच संपली.

त्याच पावसाळ्यात भीमेला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर दोन गावांच्या बरोबर मधोमध एक मळई वर आली. लांबलचक, काळ्या गाळाची, पाय रोवला तर घोटा आत जाईल अशी. दिवाळीनंतर पाणी आणखी उतरलं आणि आक्काच्या यजमानांनी, म्हणजे सरांच्या दाजींनी, तिच्यावर काकडी आणि कलिंगड लावलं. वेल तरारले तसे अलीकडच्या गावाचे डोळे तरारले. मळई आमच्या हद्दीत, असा पत्र्याचा बोर्ड आमच्या गावाने तिथे रोवला. दोन दिवसांनी त्याच बोर्डावर पलीकडच्या गावाचं नाव आलं. मग परत आमचं. दोन्हीकडचा रंग यवतच्या एकाच दुकानातला होता, दुकानदार बिचारा खुशीत. संध्याकाळी दोन्ही काठांवर माणसं जमायची आणि एकमेकांच्या पूर्वजांची चौकशी करायची.

सरांना सुरुवातीला इतका आनंद झाला की काय सांगू. आयुष्यभर रेडिओवर ऐकलेलं प्रकरण दारात चालून आलं होतं. पण मग दाजींचा निरोप आला. मेहुणा गावाच्या बाजूने उभा राहणार असेल तर आमचा रस्ता बंद, मळईचा निकाल लागेपर्यंत आक्का नदी ओलांडणार नाही. आणि त्याच आठवड्यात मुलगी झाली.

बारावा दिवस गेला, बारसं झालं नाही. दुसऱ्या कुणाला आत्या म्हणून बसवा, असं शेजारणींनी सुचवलं. वहिनींनी साफ नकार दिला. सख्खी आत्या हाकेच्या अंतरावर असताना उसनी आत्या आणणार नाही, म्हणाल्या. दवाखान्याच्या कागदावर 'बेबी' लिहिलेलं होतं, घरात सगळे 'बाळी' म्हणत. सर पाळण्याशी बसून तिच्याकडे बघत आणि एकदम उठून नकाशे काढत.

त्यांनी मोजणी ठरवली. दोन्ही गावांनी यायचं, मधली रेघ काढायची. आणि मी दोन्हीपैकी कुठल्याच काठाची नाही म्हणून मला त्यांनी तटस्थ राष्ट्र नेमलं. अट एकच, निकाल लागेपर्यंत दोन्ही पक्षांच्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. मी म्हटलं, अहो मी तुमच्याच घरी जेवते. ते म्हणाले, तो करार आधीचा आहे. मी पलीकडे निरोप द्यायला गेले तर आक्काने भाकरी, ठेचा आणि त्याच मळईवरची कोवळी काकडी पुढे ठेवली. मी खाल्ली. कोणी नसती खाल्ली? परत आल्यावर खरं सांगून टाकलं. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुरावा खाल्ला."

मोजणीच्या दिवशी मळईवर जत्रा होती. सरांनी सकाळी बांबू रोवले, दोर ताणले. दोराचं एक टोक माझ्या हातात, दुसरं दाजींच्या. मग त्यांनी निवाडा वाचला आणि मला कबूल केलंच पाहिजे की तो सुंदर होता. भरतीत बुडणाऱ्या खडकाला समुद्रात हक्क मिळत नाही, पण ही मळई पावसाळ्यापर्यंत कोरडी राहते, म्हणून तिचा विचार करावा लागेल. रेघ मधोमध. बोर्ड दोन्ही काढायचे. ज्याने वेल लावले त्याने या हंगामाचं पीक न्यायचं, पुढच्या वर्षी निम्मं निम्मं. गुरं दोन्हीकडची चरतील. दाजींनी मान हलवली. आमचे सरपंच सुद्धा बरं म्हणाले. मी मनातल्या मनात बारशाचे पेढे वाटले.

आणि कुणाच्या तरी चपला तरंगायला लागल्या.

आधी वाटलं, काठाशी कुणीतरी पाणी उडवलं. मग माझा घोटा भिजला. मग दोराचं मधलं पोट पाण्याला टेकलं. तेवढ्यात खालच्या अंगाने एक जण सायकल दामटत काठावर आला आणि ओरडून सांगायला लागला, की बंधाऱ्याला नवे ढापे बसवलेत. बंधाऱ्याच्या दारांत ज्या फळ्या घालून पाणी अडवतात ते ढापे. जुने चोरीला गेल्याला चार वर्षं झाली होती, म्हणून तर नदी एवढी उतरत होती आणि मळई उघडी पडली होती. ढापे बसवले कुणाच्या सांगण्यावरून, असं दाजींनी विचारलं. सायकलवाला म्हणाला, "ह्यांच्याच अर्जावरनं. दर्यासरांच्या."

खरं होतं. सर चार वर्षं दर महिन्याला पाटबंधारे कार्यालयाला अर्ज पाठवत होते, कितीतरी अर्ज मीच पोस्टात टाकले होते. इतकी वर्षं उत्तर नाही म्हणून ते लिहायची सवय तेवढी राहिली होती, अर्जाचं काही होऊ शकतं हे आम्ही दोघंही विसरून गेलो होतो. समुद्राला भरतीसाठी चंद्र असतो, आमच्या नदीला कार्यालय होतं, एवढाच हिशेब सरांनी धरला नव्हता. दिवस मावळायच्या आत मळई वेलांसकट पाण्याखाली गेली. माणसं काहिलींतून आणि कमरेएवढ्या पाण्यातून आपापल्या काठाला लागली. दाजी हातातलं दोराचं टोक तिथेच टाकून निघून गेले. आमच्या गावाने मात्र सरांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं, काय डाव टाकला म्हणून. त्या रात्री सर जेवले नाहीत.

सकाळी ते पलीकडे निघाले आणि मला बरोबर घेतलं. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सर उभे राहूनच बोलायला लागले. चूक आपली, हेतू नव्हता, तरी नुकसान झालं ते झालं, मोठ्या देशाने लहान शेजाऱ्याचं रान बुडवलं तर त्याने काय करावं याची एक रीत आहे, वगैरे. आक्काने सगळं ऐकून घेतलं. शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"तुला साता समुद्रांवर कुणाचं काय हाय ते कळतं," ती म्हणाली. "आबांच्या रानात माझं काय हाय, ते कवा मोजलंस?"

आबा म्हणजे दोघांचे वडील. सर गोंधळले. म्हणाले, आक्का, तू सही केलीस की हक्कसोडीवर.

"केली. आबा गेले आन् तू तलाठ्याफुडं कागद धरलास. साडी घेतली आन् सही केली. सगळ्याच करत्यात. म्या तवाबी मागितलं न्हाई, आजबी मागत न्हाई. पर दाजी त्या चिखलात का गेलं, ते तुला कळलं न्हाई? आमचं रान माळाचं. मला नदीकाठचं लागतं. तिथं वाढले मी."

आवाज अजिबात चढला नव्हता. दाजी गोठ्याकडे निघून गेले. मी तटस्थ राष्ट्र, पण माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, कारण दोन वर्षांपूर्वी नगरला भावांपुढे तसल्याच कागदावर मीही सही केली होती आणि मलाही साडी मिळाली होती, चिंतामणी रंगाची. मी ती एकदाही नेसले नव्हते आणि का नेसत नाही हे मला त्या ओट्यावर कळलं.

परतताना काहील आपली फिरत होती. अर्ध्या नदीत सर म्हणाले, "सगळ्यांत मोठा बांध मीच कोरला, मॅडम." मला काहीतरी बरं बोलायचं होतं, पण खोटं बोलवेना.

घरी येऊन त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनींनी पाळणा हलवता हलवता ऐकलं आणि म्हणाल्या, काठाची पट्टी द्या, विहिरीपासून खाली, चांगली आहे. विचार करायला त्यांना पाळण्याचे चार झोके लागले. सरच जरा बावरले. दहा गुंठ्यांचंच होईल ते, म्हणाले. दहा तर दहा, पण नावावर, वहिनी म्हणाल्या.

मग सुरू झाल्या शिरूरच्या खेपा. भावाने बहिणीला जमीन बक्षीस द्यायची हे कुणाच्या पटकन ध्यानातच येईना. बहिणीचं नाव कमी करायचंय ना, असं प्रत्येक टेबलावर विचारत. तलाठ्याने तर तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा वहिनींना बोलावून विचारलं. गावात कुजबुज झाली, की सरांना समुद्राचा वारा लागला. दोघी-तिघी सासुरवाशिणी मात्र काही कारण काढून वहिनींकडे येऊन गेल्या आणि कागद कसला, स्टॅम्प केवढ्याचा, हे बारकाईने विचारून गेल्या. साडेतीन महिने गेले. बाळी पालथी पडायला लागली तरी तिला नाव नव्हतं. शेवटी आक्काचं नाव लागलेला सातबारा हातात पडला आणि सरांनी तो शाळेच्या शिपायाबरोबर पलीकडे पाठवला, सोबत बारशाचं आवतण.

मे महिन्याची सकाळ होती. बंधारा भरलेला, नदी काठोकाठ. पलीकडून एक नाही, तीन काहिली निघाल्या आणि गोल गोल फिरत आमच्याकडे यायला लागल्या. मधल्या काहिलीत आक्का, मांडीवर पाटी, बांबूवाल्याला झापणं चालू. मागच्या काहिलीत दाजी नवा फेटा बांधून, काहील फिरली की पाठमोरे होत होते. सर खास शिवून घेतलेल्या पांढऱ्या शर्टात काठावर उभे, हात पुढे केलेला. आक्काने तो हात धरला आणि खाली उतरली. तिने भावाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या पट्टीत उगवलेल्या गुडघाभर उसाकडे पाहिलं.

"ह्यो ऊस कुणी लावला?"

सर म्हणाले, आक्का, तो आधीचाच आहे, माझाच.

"माझ्या रानात तुझा ऊस कसा? काढ. मला काकडी लावायचीय."

आणि पदर खोचून तरातरा वर घराकडे गेली.

बारसं बायकांचं. पुरुष बाहेर मांडवात. आत पाळण्याभोवती दोन्ही गावच्या बायका दाटल्या होत्या, मी पण त्यांत. आक्काने पाळण्यात वाकून बाळीच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले. आमच्या गावच्या बायकांनी जरा मनापासून घातले, सगळी मळई त्या पाठीवर वसूल केली, आणि आक्का हसून हसून पाळण्याच्या दोरीला लोंबकळली. बाहेरून सर विचारत होते, काय ठेवलं, काय ठेवलं. आक्का दारात आली आणि म्हणाली, "आधी ऊस काढ. मग सांगते." तिने आम्हा सगळ्यांनाही शपथ घातली.

तीन दिवस मुक्काम ठोकला तिने. तीन दिवस दोन्ही तालुक्यांतल्या बायकांना त्या पोरीचं नाव माहीत होतं, एका बापाला नव्हतं. सर पँट दुमडून, कोयता घेऊन एकटे पट्टीत वाकलेले असत. कुणाला हात लावू देत नव्हते. कापलेला ऊस दोन्ही गावची गुरं खात होती, दाजींची म्हैस त्यांत पुढे. मी डबा घेऊन गेले की ते हळूच विचारत, तटस्थ राष्ट्राला काही माहिती देता येईल का. मी म्हणायची, शपथ आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची सरी पडली. आक्का बाळीला कडेवर घेऊन विहिरीशी आली, मोकळ्या पट्टीवर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली आणि पोरीला नावाने हाक मारली, मोठ्याने, रानभर ऐकू जाईल अशी. ते त्या दोघा भावंडांच्या आईचं नाव होतं. सरांनी कोयता खाली टाकला, आक्कापुढे आले आणि म्हणाले, "परत एकदा म्हण."

आक्का परत म्हणाली.